जुन्या मोटारींच्या क्लबचा वार्षिक पुरस्कार सोहळा: पुरस्कार का दिला, हे सभागृहाला कळू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील तुमच्या जुन्या मोटारींच्या क्लबमध्ये सुमारे चाळीस गाड्या आहेत आणि येत्या जानेवारीत वार्षिक पुरस्कार वितरण व स्नेहभोजन करायचे आहे. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमानंतर ‘बक्षिसे ठरलेल्या मंडळींनाच मिळतात’ अशी कुजबुज झाली आणि काही सभासदांनी यंदा गाडी आणण्यास नकार दिला आहे. सचिवपद तुमच्याकडे नव्याने आले असून कार्यक्रम कसा आखावा, असे तुम्ही विचारले आहे. अशा सोहळ्यांची आखणी आणि गाड्यांचे परीक्षण ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या आधारे सविस्तर लिहितो.

सभागृह, सजावट आणि जेवण यांची चर्चा तुमच्या समितीत आधीच सुरू झाली असेल, पण तुमची अडचण तिथे नाही. खासबागेत कुस्ती चितपट झाली की पंचांचा हात वर जाण्याआधीच मैदानाला निकाल कळलेला असतो. गाडीच्या परीक्षणात मात्र बॉनेटखाली काय दिसले आणि कशाचे गुण कापले गेले, हे तीन परीक्षकांखेरीज कोणालाच ठाऊक नसते. संध्याकाळी फक्त नाव पुकारले जाते, टाळ्या वाजतात, आणि ज्यांची गाडी मागे राहिली त्यांच्या हाती तर्काशिवाय काहीच उरत नाही. म्हणून या सोहळ्याची सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती करावी, असे माझे मत आहे: पुरस्कार ज्या कारणासाठी दिला, ते कारण दोन मिनिटांत, नेमक्या शब्दांत, सर्वांसमोर वाचून दाखवले गेले पाहिजे. हे एकदा पक्के ठरले की परीक्षण सकाळी किती वाजता सुरू करायचे इथपासून व्यासपीठावर खुर्च्या मांडायच्या की नाही इथपर्यंतचे निर्णय आपोआप सुटत जातात.

आधी वर्गवारी पाहू. कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर जुनी गाडी म्हटले की दसरा चौकात शाही दसऱ्याला येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक उभी राहते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु त्यामुळे मोठी, संस्थानी थाटाची गाडी दिसली की प्रेक्षकांचेच नव्हे तर परीक्षकांचेही मन तिकडे झुकते आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाने जिवापाड जपलेली ‘डुक्कर’ या टोपणनावाची छोटी जुनी फियाट कोपऱ्यात राहते. यावर उपाय एकच, तो म्हणजे या दोन गाड्या समोरासमोर येऊच द्यायच्या नाहीत. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ १९०५ ते १९१८ च्या गाड्यांना व्हेटरन, १९१९ ते १९३० च्या गाड्यांना व्हिंटेज आणि १९३१ ते १९४५ च्या गाड्यांना पोस्ट-व्हिंटेज म्हणतो. त्यापुढे १९४६ ते १९६० आणि १९६१ ते १९७० असे वर्ग येतात. चाळीस गाड्यांच्या क्लबला इतके बारीक तुकडे परवडणार नाहीत. १९४५ पर्यंतच्या सर्व गाड्यांचा एक वर्ग करावा, १९४६ ते १९६० च्या परदेशी बनावटीच्या गाड्यांचा दुसरा, आणि भारतात तयार झालेल्या गाड्यांचा, म्हणजे उत्तरपाड्याची लँडमास्टर व अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड यांचा, स्वतंत्र तिसरा वर्ग असावा. जीप वेगळ्या, दुचाकी वेगळ्या. यांच्या जोडीला एक वर्ग मी आग्रहाने सुचवतो: पुनर्बांधणी न केलेल्या, मूळ रंग आणि मूळ सीट शिल्लक असलेल्या गाड्यांचा. या वर्गाला खर्च लागत नाही, संयम लागतो. आणि ‘पैसेवाल्यांनाच बक्षिसे’ ही तक्रार निम्मी तिथेच संपते.

कायद्यातील व्याख्या आणि क्लबची व्याख्या यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. फिवाच्या दृष्टीने तीस वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक ठरते. त्या हिशेबाने पहिल्या पिढीची मारुती ८०० देखील आता पात्र आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी मात्र वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे लागते. या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते, नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मर्यादित कारणांसाठी आणता येते. प्रवेश अर्जासोबत नोंदणी पुस्तक आणि विम्याची प्रत घ्यावी, आणि गाडी कोणत्या नोंदणीखाली आहे याचा रकाना अर्जात ठेवावा. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात गाडी पाण्याखाली गेली असल्यास तेही मालकाला लिहायला सांगावे, कारण तशा गाडीच्या वायरिंगवर आणि आतील कापडावर झालेल्या कामाकडे परीक्षकांनी वेगळ्या नजरेने पाहणे न्याय्य ठरते.

आता परीक्षण. ते रविवारी सकाळी आणि जेवण त्याच संध्याकाळी ठेवावे. चाळीस गाड्या, तीन-तीन परीक्षकांचे तीन गट आणि प्रत्येक गाडीला पंधरा मिनिटे असा हिशेब केला तर एका गटाकडे तेरा-चौदा गाड्या येतात आणि सुमारे साडेतीन तास लागतात. साडेसातला सुरुवात केली की अकराच्या सुमारास काम आटोपते. सकाळचे तिरपे ऊन याच कामासाठी हवे असते; दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात पत्र्याखालची पुट्टी आणि रंगातील लाटा दिसत नाहीत. दुसरे कारण असे की दुपारचे पाच-सहा तास परीक्षकांना मानपत्रे, म्हणजे पुरस्काराचे कारण सांगणारा वाचनाचा मजकूर, लिहिण्यासाठी मोकळे मिळतात. हे तास मिळाले नाहीत तर मी वर म्हटलेली दोन मिनिटे निव्वळ विशेषणांनी भरली जातात.

परीक्षक कोल्हापूरबाहेरचे असावेत. आपल्याकडे कोण कोणाचा पाहुणा आणि कोणाची गाडी कोणाच्या गॅरेजमध्ये उभी असते हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे प्रामाणिक स्थानिक परीक्षकावरही शिंतोडे उडतात. पुणे, बेळगाव, गोवा इथून जाणकार मंडळी येतात. त्यांना मानधन नाही दिले तरी चालते, पण प्रवास आणि निवास क्लबने करावा, कोणा एका सभासदाच्या बंगल्यावर मुक्काम नको. प्रत्येक गटासोबत गुण लिहून घेणारा एक लेखनिक द्यावा. यंदा गाडी आणायला नकार देणाऱ्या सभासदांना गाडी आणण्याचा आग्रह करण्याऐवजी हेच काम द्या. बंद दाराआड काय चालते असा ज्यांना संशय आहे, त्यांनी स्वतः तीन तास परीक्षकांच्या पाठीमागे उभे राहून प्रत्येक आकडा आपल्या हाताने लिहिणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गुणपत्रक शंभर गुणांचे असावे आणि ते किमान दोन महिने आधी सर्व सभासदांना दिलेले असावे. माझी नेहमीची विभागणी अशी असते: पत्रा, रंग आणि क्रोम यांना पंचवीस, आतील भागाला वीस, बॉनेटखालच्या भागाला वीस, चालू स्थितीला पंधरा, टायर आणि गाडीच्या खालच्या बाजूला दहा, कागदपत्रे व इतिहासाला दहा. शंभरापासून सुरुवात करून उणिवांचे गुण कमी करत जावे, शून्यापासून वर चढू नये; तसे केले की प्रत्येक कापलेल्या गुणासमोर कारण लिहावेच लागते. चकाकीला गुण नाहीत, मूळ स्वरूपाला आहेत, हे वाक्य गुणपत्रकाच्या माथ्यावर छापून घ्या. १९५५ च्या गाडीवर त्या काळच्या रंगापेक्षा कितीतरी अधिक चमकणारा आजचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारलेला असेल तर त्याचे गुण जायला हवेत, मग ती छायाचित्रात कितीही देखणी दिसो. अँबेसेडरच्या मार्क १ ला नंतरच्या मार्क २ ची पुढची जाळी, रुंद अ‍ॅलॉय चाके, डॅशबोर्ड फोडून बसवलेला स्टिरिओ, हे सगळे याच सदरात येते. सुरक्षिततेसाठी केलेले बदल, उदाहरणार्थ बॅटरीचा कट-ऑफ स्विच किंवा अग्निशामक नळकांडे, यांना मात्र दंड नसावा.

चालू स्थितीचे पंधरा गुण अनेक ठिकाणी डोळे झाकून दिले जातात, आणि नेमके तिथेच खरे-खोटे कळते. परीक्षकाने गाडीला हात लावायचा नाही. मालकानेच इंजिन सुरू करायचे, हॉर्न, वायपर, दिवे, ब्रेकचा दिवा आणि दिशादर्शक चालवून दाखवायचे. मॉरिस मायनरच्या दाराच्या खांबातून बाहेर येणारा दिशादर्शक हात पूर्ण आडवा होतो का, त्यातला बारीक दिवा लागतो का आणि स्विच बंद केल्यावर तो स्वतः खाली पडून खाचेत बसतो का, एवढे पाहिले तरी मालकाने विजेच्या कामात किती लक्ष घातले आहे ते दिसते. मीटरचा काटा हलतो की नाही हे पाहायला फार तर एक मिनिट लागते, पण ते पाहणारे परीक्षक विरळाच.

बरोबरी झाल्यास चालू स्थितीचे गुण ज्याचे जास्त तो पुढे, असा नियम आधीच लिहून ठेवा. सर्वोत्कृष्ट गाडी मात्र केवळ आकड्यावरून ठरवू नये, कारण एका गटाचे नव्वद आणि दुसऱ्या गटाचे नव्वद कधीच सारखे नसतात. वर्गविजेत्या गाड्या एका रांगेत आणून सर्व परीक्षकांनी गुप्त मतदान करावे; अमेरिकेतील पेबल बीचसारख्या नामांकित स्पर्धेतही वर्गविजेत्यांमधूनच मतदानाने निवड होते. बेरीज करण्याचे काम क्लबशी संबंध नसलेल्या दोघांकडे द्यावे. वर्ग चुकला असल्यास हरकत घेण्यासाठी सकाळी अर्धा तास ठेवावा, गुणांवर हरकत घेता येणार नाही हे स्पष्ट सांगावे, आणि निकालाची बंद पाकिटे संध्याकाळपर्यंत सचिवानेही उघडू नयेत.

आता मानपत्राकडे येतो. ‘अथक परिश्रमाने जतन केलेली देखणी गाडी’ असली वाक्ये कोणत्याही गाडीला लागू पडतात, म्हणून ती कोणत्याच गाडीची नसतात. मानपत्रात परीक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेला किमान एक भाग, एक निर्णय आणि एक उणीव असावी. नमुना देतो:

‘भारतीय बनावटीच्या गाड्यांच्या वर्गात प्रथम. या फियाटच्या पाण्याच्या पंपाचे बॉडी कास्टिंग गंजून फुटले होते. दुसऱ्या गाडीचा पंप बसवण्याऐवजी मालकाने फुटलेले तुकडे जोडून त्यावरून लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून घेतला, उद्यमनगरात बिडाचे नवे कास्टिंग ओतून घेतले आणि लेथवर मूळ मापाने मशिनिंग केले. डाव्या मागच्या दाराचे बीडिंग (कडेची पट्टी) आजच्या नमुन्याचे आहे, त्याचे दोन गुण कमी झाले. मूळ पाने (स्पॅनर), मूळ जॅक आणि मालकासाठीची माहितीपुस्तिका गाडीसोबत आहे. एकूण गुण एक्क्याण्णव.’

हे वाचायला एक मिनिटही लागत नाही, पण सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळते की पुरस्कार कशाचा आहे. वाचन चालू असताना पडद्यावर संपूर्ण गाडीचे नव्हे, त्या पंपाचे छायाचित्र दाखवावे. म्हणून सकाळी एका छायाचित्रकाराला परीक्षकांच्या मागोमाग फिरवावे आणि परीक्षक ज्या भागाकडे बोट दाखवतील तो त्याने टिपावा. उणीव जाहीर वाचल्याने मालकाचा अपमान होईल, अशी शंका समितीत नक्की निघेल. माझा अनुभव उलट आहे: विजेत्याची उणीव ऐकली की इतरांना आपले गुण कुठे गेले असतील याचा अंदाज येतो आणि विजेत्यावरचा राग ओसरतो.

पंपाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. शिवाजी उद्यमनगरातील पॅटर्नवाले, फौंड्रीवाले, टर्नर आणि गॅरेजमधील मिस्त्री नसते तर तुमच्या क्लबमधील निम्म्या गाड्या आज ठोकळ्यांवर उभ्या असत्या. इतर शहरांतील क्लब सुट्या भागांसाठी परदेशी पत्रव्यवहार करत बसतात. इथे नमुना हातात दिला की भाग तयार होतो. या कारागिरांचा उल्लेख आभारप्रदर्शनात एका ओळीत उरकू नये. दरवर्षी एक पुरस्कार कारागिरासाठी असावा, त्याचे मानपत्रही इतरांइतकेच नेमके असावे, आणि त्याला सहकुटुंब आमंत्रण द्यावे. त्याची बसण्याची जागा ज्या मालकाची गाडी त्याने केली त्याच्याच टेबलावर असावी, मागे दाराजवळ नव्हे. डेंटर, रंगारी, सीट शिवणारा आणि वायरमन यांच्यात हा पुरस्कार फिरता ठेवला तर फक्त इंजिनवाल्यांनाच मान मिळतो ही तक्रारही राहत नाही.

संध्याकाळच्या क्रमाबद्दल माझी मते काहीशी कडक आहेत. व्यासपीठ ठेवावे, पण त्यावर खुर्च्या मांडू नयेत. खुर्च्या मांडल्या की त्या भरायला माणसे लागतात, माणसे आली की सत्कार येतात, आणि शाल-श्रीफळाच्या रांगेत तास निघून जातो. फेटे दारातच बांधावेत, तेही परीक्षकांना आणि कारागिरांनाच. प्रमुख पाहुणे असतील तर त्यांना दहा मिनिटे द्यावीत आणि त्यांना उशीर होणार असेल तर त्यांच्याविना सुरुवात करावी. पुरस्कार नऊपेक्षा जास्त नसावेत. मानपत्र, व्यासपीठापर्यंत येणे आणि छायाचित्र मिळून एका पुरस्काराला चार मिनिटे धरली तर सगळे वितरण छत्तीस मिनिटांत होते. वीस पुरस्कार ठेवले तर ऐंशी मिनिटे लागतात आणि विसाव्याला टाळी वाजवायला कोणी जागेवर नसते. प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार जरूर ठेवा, मात्र तो सर्वांत आधी देऊन मोकळे व्हा. प्रायोजकाचे नाव पडद्यावर येऊ द्या, परीक्षण झालेल्या पुरस्काराला देऊ नका.

वितरण जेवणाआधी पूर्ण करावे. पांढऱ्या रश्श्याचा वास सभागृहात शिरल्यावर मानपत्र ऐकणारा कोल्हापूरकर मी अजून पाहिलेला नाही. रविवार सुचवला त्यामागे हेही आहे की सोमवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार यांपैकी कोणता ना कोणता वार पाळणारी मंडळी प्रत्येक घरात असतात आणि मटणाचा बेत अर्धा वाया जातो. शाकाहारी पंगत वेगळी, वाढपीही वेगळे. जेवण लॉनवर असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हे लक्षात ठेवून साडेसातला सुरुवात करा. मद्य ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आधी काढा, आणि त्या परिस्थितीत एकही जुनी गाडी संध्याकाळी मालकाने चालवत आणू नये, असा नियम करा. तसेही सहा व्होल्टच्या दिव्यांची गाडी रात्री हमरस्त्यावर आणण्यात शहाणपण नाही. प्रवेशद्वाराशी शोभेसाठी दोन-तीन गाड्या पुरेत; त्या दुपारीच आणून ठेवाव्यात, बॅटरीची वायर काढावी, इंजिन आणि गिअरबॉक्सखाली पत्र्याचे ट्रे ठेवावेत आणि जवळच पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे. लॉनला आदल्या दिवशी पाणी सोडलेले नाही ना, ते स्वतः जाऊन पाहा. दीड टनाची गाडी ओल्या हिरवळीत रुतली की लॉनमालकाशी होणारा वाद पुरस्कारांच्या वादापेक्षा लांबतो.

चषक बाजारातले प्लास्टिकचे सोनेरी आणू नका. सर्वोत्कृष्ट गाडीसाठी हुपरीच्या कारागिराकडून चांदीचा एक फिरता चषक करून घ्यावा आणि बाकीचे पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये उद्यमनगरातच ओतून घ्यावेत. खर्च फारसा वाढत नाही. फिरत्या चषकाची लेखी पोच घ्या आणि परत करण्याची तारीख त्यावर लिहा, नाहीतर तो कोणाच्या तरी शोकेसमध्ये कायमचा मुक्कामाला जातो.

आठ दिवसांच्या आत प्रत्येक मालकाला त्याचे स्वतःचे गुणपत्रक, कारणांसह, बंद पाकिटात द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कोणाचेही गुण टाकू नयेत. सर्व मानपत्रे आणि त्यांसोबतची छायाचित्रे एका नोंदवहीत चिकटवून ठेवावीत. वर्गात प्रथम आलेली गाडी पुढील तीन वर्षे त्या वर्गाच्या स्पर्धेबाहेर राहील, ती फक्त प्रदर्शनात उभी करता येईल, हा नियम याच वर्षी सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. पुढे परीक्षक बदलले तरी ही वही त्यांच्या हाती द्या, म्हणजे ती मुदत संपून गाडी स्पर्धेत परतली की ज्या बीडिंगचे दोन गुण गेले होते ते मालकाने बदलले की नाही, हे त्यांना सुरुवातीलाच पाहता येईल.